शुद्ध पाण्याने गाडी धुताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीवरच्या पांढऱ्या डागांबद्दल आणि ते टाळणाऱ्या पाण्याबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे साधे आहेत, पुढचे अडचणीचे. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाडी नीट धुतो, तरी वाळल्यावर पांढरे ठिपके दिसतात. हे नक्की कशाचे?

पाण्यातल्या क्षारांचे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार आणि थोडी सिलिका (वाळूत असतो तो पदार्थ) विरघळलेली असते. पाण्याची वाफ होते, हे सगळं मागे राहतं. त्यातही मुख्य त्रास कॅल्शियम बायकार्बोनेटचा. थेंब सुकताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरतं. नळाच्या तोंडाशी आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, त्यात मुख्यतः हेच असतं.

काळ्या बॉनेटवरचा एखादा थेंब सुकताना जवळून बघा. थेंबाच्या कडेला पाणी लवकर उडतं, ती जागा भरायला मधलं पाणी कडेकडे ओढलं जातं आणि जाताना क्षारही बरोबर नेतं. म्हणून डाग बांगडीसारखा दिसतो, मधे विरळ आणि कडेला दाट.

आता आकड्यांत बघू. धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं असं धरा. पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असतील तर १५० मिलिग्रॅम पांढरी पूड गाडीवर सुकणार. तेच पाणी लिटरमागे ५ मिलिग्रॅमचं असेल तर उरणार अडीच मिलिग्रॅम, आणि तीही अख्ख्या गाडीवर पसरलेली.

२. शुद्ध पाणी म्हणजे कोणतं? पिण्याचं शुद्ध पाणी चालेल ना?

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. पिण्याच्या पाण्याची शुद्धता मुख्यतः जंतूंच्या आणि विषारी घटकांच्या अंगाने पाहिली जाते. गाडीला जंतूंशी काही देणंघेणं नाही, तिला क्षार नको असतात. उकळलेलं, क्लोरीन घातलेलं किंवा अतिनील दिव्याखालून गेलेलं पाणी पिण्यासाठी सुरक्षित असेल, पण त्यातले क्षार जवळपास तसेच असतात. उकळल्यावर कॅल्शियमचा काही भाग तळाशी बसतो हे खरं, पण बाकीचे क्षार पाणी आटल्यामुळे थोडे दाटच होतात. बाटलीबंद पाण्यातही बहुतेक वेळा खनिजं असतात, कधी चवीसाठी मुद्दाम घातलेली.

गाडीच्या दृष्टीने शुद्ध पाणी तीन वाटांनी मिळतं: डिस्टिल्ड, म्हणजे वाफ करून थंड केलेलं, आरओच्या पडद्यातून गाळलेलं, आणि डीआय, म्हणजे रेझिनच्या मण्यांमधून (प्रश्न ११) काढून क्षारमुक्त केलेलं. गाडी धुण्याच्या धंद्यात ‘डीआय पाणी’ हाच शब्द जास्त ऐकू येतो.

३. टीडीएस किती असला म्हणजे डाग पडत नाहीत?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचं एकूण प्रमाण. ते पीपीएममध्ये सांगतात. १ पीपीएम म्हणजे साधारण लिटरमागे १ मिलिग्रॅम. उंच इमारतींच्या काचा लांब दांड्याच्या ब्रशने धुणारे लोक १० पीपीएमच्या खालचं पाणी वापरतात, कारण ते काच पुसत नाहीत. गाडी न पुसता सोडायची असेल तर तुम्हीही तोच आकडा धरा.

१० ते ३० च्या दरम्यान पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर बहुधा काही दिसणार नाही, काळ्या गाडीवर तिरप्या उजेडात हलकी झाक दिसू शकते. ५० च्या पुढे गडद रंगावर डाग दिसायला लागतात. रंग, ऊन आणि क्षारांचा प्रकार यांवर हे आकडे थोडे मागेपुढे होतात, म्हणून शंका असेल तेव्हा प्रश्न ४ मधली काचेची चाचणी करून बघा.

४. टीडीएस मीटर खरं सांगतो का?

बऱ्यापैकी, पण तो काय मोजतो हे माहीत हवं. मीटर क्षारांचं वजन करत नाही. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतो आणि त्याला साधारण ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका ठरावीक आकड्याने गुणून पीपीएम दाखवतो. त्यामुळे दोन कंपन्यांचे मीटर एकाच पेल्यात वेगळे आकडे दाखवतात, तेव्हा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ज्या पदार्थातून वीज वाहत नाही तो मीटरला दिसत नाही. सिलिका जवळपास दिसतच नाही, साखर किंवा काही सेंद्रिय पदार्थही नाहीत. मीटर शून्याजवळ असूनही डाग पडण्याचं एक कारण हे आहे (बाकीची प्रश्न १८ मध्ये).

माझी स्वतःची चाचणी अगदी साधी आहे. एक स्वच्छ आरसा आडवा ठेवायचा, त्यावर चार थेंब टाकायचे: दोन नळाच्या पाण्याचे, दोन शुद्ध केलेल्या पाण्याचे. पूर्ण सुकू द्यायचं आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून बघायचं. नळाच्या थेंबांच्या जागी बांगड्या उठून दिसतात. दुसऱ्या दोन जागा शोधाव्या लागल्या तर पाणी गाडीसाठी पास.

५. मग अख्खी गाडी शुद्ध पाण्यानेच धुवायची का?

नाही, आणि हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, कारण यातच लोकांचं पाणी आणि पैसा वाया जातो. डाग पडतो तो गाडीवर शेवटी सुकणाऱ्या पाण्याचा. चिखल उडवायला, फोम मारायला, शाम्पू धुवायला वापरलेलं पाणी पुढच्या पाण्याबरोबर वाहून जातं. तिथे साधं पाणी पुरेसं आहे, फक्त ते मधे कुठे सुकता कामा नये.

म्हणून क्रम असा ठेवा: साध्या पाण्याने माती सैल करून घालवा, शाम्पूने धुवा, साध्या पाण्याने शाम्पू पूर्ण काढा आणि गाडी ओली असतानाच शुद्ध पाण्याचा एक हात फिरवा. हा शेवटचा हात अंगावरचं क्षाराचं पाणी ढकलून त्याची जागा घेतो. चाकांच्या कमानी, गाडीचा तळ, टायर यांच्यावर शुद्ध पाणी खर्च करू नका.

फरक पडतो तो एका ठिकाणी. शाम्पूची बादली शुद्ध किंवा मऊ पाण्याने भरली तर फेस भरपूर होतो आणि शाम्पू कमी लागतो. शाळेत ‘दुष्फेन’ पाणी शिकलो होतो, ज्यात साबणाचा फेस होत नाही, ते हेच क्षाराचं पाणी. आजचे कार शाम्पू त्या पाण्यातही बऱ्यापैकी काम करतात, त्यामुळे ही सोय आहे, गरज नाही.

६. शेवटच्या हाताला किती पाणी लागतं आणि ते कसं मारायचं?

मध्यम आकाराच्या गाडीला १० ते १५ लिटर धरा, उंच गाडीला २० ते २५. पाइप सोडून मोकळ्या हाताने ओतलंत तर याच्या दुप्पट सहज जाईल.

जोर नको. जोराच्या फवाऱ्याने बारीक थेंब उडतात आणि धुतलेल्या भागावर परत चिकटतात. पाइपचं तोंड काढून टाका किंवा झारीसारखा मऊ प्रवाह घ्या आणि छताच्या मध्यापासून सुरू करा. पाण्याची अखंड चादर हळू खाली सरकली पाहिजे. ती सरकताना अंगावरचे जुने थेंब आपल्यात ओढून घेते आणि मागे पृष्ठभाग बराचसा कोरडा राहतो. छत, मग काचा, मग बॉनेट आणि डिकी, मग बाजू. हाताने दाब देऊन हवा भरायचा ५ ते ८ लिटरचा पंपही चालतो, पण त्याचं नोझल बारीक धुक्यावर न ठेवता जाड धारेवर ठेवा आणि टाकी पुन्हा भरायची तयारी ठेवा.

आरशांच्या आत, दरवाजांच्या हँडलमागे, नंबर प्लेटच्या वर, इंधनाच्या झाकणात आणि कंपनीच्या अक्षरांच्या फटींत आधीचं क्षाराचं पाणी दडलेलं असतं. शेवटचा हात मारण्याआधी तिथे फुंकर मारणाऱ्या यंत्राने हवा मारा किंवा आरसे दोनदा उघडमीट करा. नाहीतर सगळी गाडी लखलखीत सुकते आणि आरशाखालून एक पांढरा ओघळ दरवाजावर उतरतो.

७. म्हणजे पुसायचीच नाही?

पाणी १० पीपीएमच्या खाली असेल आणि शाम्पू पूर्ण निघाला असेल तर नाही पुसली तरी चालते. मला शुद्ध पाण्याचा हाच सगळ्यात मोठा फायदा वाटतो. गाडीच्या रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे बरेचसे धुताना आणि पुसताना पडतात: फडक्यात अडकलेला एखादा कण, त्यावर हाताचा दाब. फडकंच फिरलं नाही तर ती एक पायरी वाचली.

दरवाजांच्या आतल्या चौकटी आणि डिकीची कड मात्र पुसा. तिथे शेवटचा हात पोचत नाही.

८. घरच्या आरओचं पाणी वापरू का?

वापरू शकता, दोन गोष्टी तपासून. पहिली, पिण्याच्या आरओमध्ये बहुतेकदा चवीसाठी टीडीएस वाढवणारी सोय असते: कधी थोडं न गाळलेलं पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह, कधी खनिजांची कांडी. त्यामुळे पडदा उत्तम असूनही नळातून ५० ते १०० पीपीएमचं पाणी येतं आणि लोक ‘आरओ वापरूनही डाग’ अशी तक्रार करतात. पडद्यानंतर आणि या सोयीच्या आधी पाणी काढता आलं तर तेच गाडीसाठी घ्या. तिथलं जोडकाम मात्र जाणकाराकडून करून घ्या.

दुसरी, वेग. घरगुती आरओ तासाला १० ते १५ लिटरच्या आसपास पाणी देतो. थेट पाइप लावून गाडी धुणं शक्य नाही. आदल्या रात्री झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवा. यंत्र बराच वेळ बंद असेल तर सुरुवातीच्या पाण्यात क्षार जास्त येतात, कारण उभ्या पाण्यात ते पडद्यातून हळूहळू पलीकडे झिरपतात. पहिली एक-दोन मिनिटं ते पाणी वेगळं काढा.

९. आणि आरओतून वाया जाणारं पाणी? ते फेकवत नाही.

फेकू नका, पण त्याची जागा ओळखा. पडद्याने अडवलेले सगळे क्षार त्यातच असतात, म्हणजे ते तुमच्या नळाच्या पाण्यापेक्षाही दाट असतं. चाकांच्या कमानींतला आणि तळाचा चिखल भिजवायला, पायपुसणी आणि रबरी मॅट धुवायला ते चांगलं आहे. रंगावर आणि काचांवर ते मारू नका. मारलंच तर सुकण्याआधी साध्या पाण्याने धुऊन टाका.

१०. घरी वॉटर सॉफ्टनर आहे. तेवढ्याने भागेल?

अर्धं भागेल. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. क्षारांचं एकूण प्रमाण जवळपास तेवढंच राहतं, म्हणून टीडीएस मीटरवर फरक दिसत नाही आणि लोकांना वाटतं यंत्र बिघडलंय. डाग याही पाण्याचे पडतात, पण ते सोडियमच्या क्षारांचे असतात आणि पाण्यात परत विरघळतात. ओल्या मायक्रोफायबरने ते सहज निघतात, खडूसारखे चिकटून बसत नाहीत. गाडी पुसणारच असाल तर सॉफ्टनरचं पाणी छान आहे. न पुसता सोडायची असेल तर नाही.

११. डीआय रेझिन काय करतं आणि किती लिटर पाणी देतं?

रेझिन म्हणजे मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक मणी, दोन प्रकारचे, एकत्र मिसळलेले. एक प्रकार पाण्यातले कॅल्शियम, सोडियम असे धनभारित आयन पकडून हायड्रोजनचा आयन सोडतो. दुसरा क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट असे ऋणभारित आयन पकडून हायड्रॉक्सिल सोडतो. सुटलेले दोघे मिळून पाणीच होतं. यात वीज लागत नाही आणि पाणी वायाही जात नाही.

पण मण्यांची धारणशक्ती मर्यादित आहे. ढोबळमानाने एक लिटर मिश्र रेझिन २० ग्रॅमच्या आसपास क्षार पकडतं. तुमच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असतील तर एका लिटर रेझिनमधून सुमारे १०० लिटर पाणी मिळेल. ४०० असतील तर ५० लिटर. पाणी जितकं जड, तितकं रेझिन लवकर संपतं. विकत घेण्याआधी स्वतःच्या पाण्याचा टीडीएस मोजून हा भागाकार जरूर करा. खोक्यावर लिहिलेले लिटर बहुधा हलक्या पाण्याचे असतात.

छोट्या नळकांड्यातून पाणी फार जोरात नेऊ नका. मण्यांशी संपर्क पुरेसा झाला नाही तर ताज्या रेझिनमधूनही क्षार निसटतात. नळ बारीक सोडून पिंप भरून घेणं जास्त बरं.

१२. रेझिन संपलं हे कसं ओळखायचं? पुन्हा भरता येतं का?

बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस प्रत्येक वेळी बघा. बराच काळ तो ०-२ वर स्थिर असतो, मग ५, १० आणि तिथून भराभर चढतो. संपत आलेलं रेझिन सिलिका आणि बायकार्बोनेट आधी सोडायला लागतं, म्हणून मी १० ची वाट न पाहता त्याच्या अलीकडेच बदलतो. काही रेझिन संपताना रंग बदलतं. पारदर्शक नळकांडं असेल तर ते सोयीचं. पाण्याला मासळीसारखा वास आला तर तो जुन्या रेझिनमधल्या अमाइनचा असतो.

मणी पुन्हा ताजे करता येतात, पण त्यासाठी दोन प्रकार वेगळे करून एकाला तीव्र आम्ल आणि दुसऱ्याला कॉस्टिक सोडा द्यावा लागतो. हे घरी करू नका. नवं रेझिन भरा किंवा भरून देणाऱ्याकडे द्या. रेझिन कोरडं पडू देऊ नका, गोठू देऊ नका आणि उन्हात ठेवू नका.

१३. आधी आरओ आणि मग डीआय, असं दोन्ही लावावं का?

पाणी खूप जड असेल आणि गाड्या रोज धुवायच्या असतील तर हो. आरओने ३०० चे १५ केले की रेझिनवरचा भार वीसपट कमी होतो. महिन्यातून दोनदा एकच गाडी धुणाऱ्याला एवढा पसारा लागत नाही. आरओच्या आधी कार्बन फिल्टर हवाच, क्लोरीनने पडदा खराब होतो.

१४. पावसाचं, एसीतून टपकणारं किंवा डिस्टिल्ड पाणी चालेल का?

तिन्हींत क्षार कमी असतात. पावसाच्या पाण्याचा दोष त्याच्या वाटेत आहे: हवेतली धूळ, छतावरची माती, पक्ष्यांची घाण. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्या, नंतरचं गाळून, मोजून वापरा. म्हणूनच पावसात भिजलेली गाडी डागाळते. तिथे डाग क्षारांपेक्षा धुळीचे असतात.

एसीचं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेली, म्हणून टीडीएस बहुधा खूप कमी दिसतो. पण ते कॉइलवरची धूळ आणि निचऱ्याच्या नळीतला बुळबुळीत थर घेऊन येतं. बारीक कापडातून गाळून शेवटच्या हाताला चालतं. साठवून ठेवलं तर वास मारतं. डिस्टिल्ड पाणी गुणात उत्तम, फक्त गाडीभर पुरेल इतकं घेणं महाग पडतं. बॉनेट आणि काचा एवढ्यापुरतं वापरायला हरकत नाही.

१५. शुद्ध पाणी ‘भुकेलं’ असतं, रंग आणि धातू खातं असं ऐकलंय.

यात अर्धं तथ्य आहे. क्षार नसलेलं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून किंचित आम्लधर्मी होतं, त्याचा सामू ५.६ च्या आसपास जातो. लोखंडी किंवा तांब्याच्या नळांत ते कायम भरून राहिलं तर धातू झिजतो. म्हणून साठवणीला प्लॅस्टिकचं पिंप वापरा.

गाडीच्या अंगावर ते काही मिनिटं असतं. स्वच्छ पावसाचा सामूही साधारण तेवढाच, आणि गाडी त्यात उभी असतेच. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर), काच, रबर यांना धोका नाही. प्रेशर वॉशरमधून, जोर कमी ठेवून, शेवटचा हात मारलात तरी चालेल. काम झाल्यावर पंपातलं पाणी काढून टाका.

१६. शुद्ध पाणी इतकं चांगलं तर शाम्पू कशाला?

घसरणीसाठी. शाम्पू मळ सोडवतो, पण त्याचं दुसरं काम हातमोज्याखालचा कण रंगावरून निसटता ठेवणं हे आहे. नुसत्या पाण्यात, ते कितीही शुद्ध असो, तो कण घासला जातो. काचा धुणारे शाम्पूशिवाय काम करतात कारण काच गाडीच्या रंगापेक्षा खूप कठीण असते. काल धुतलेल्या गाडीवर नुसती हलकी धूळ असेल तर हात न लावता शुद्ध पाणी ओतून सोडा, तेवढं ठीक.

१७. सिरॅमिक कोटिंग केलंय. आता डाग पडणार नाहीत ना?

उलट काही वेळा जास्त दिसतात. कोटिंगवर पाण्याचे उंच, गोल थेंब होतात. ते ओघळून गेले तर उत्तम, पण आडव्या बॉनेटवर बसून राहिले तर प्रत्येक थेंब आपले सगळे क्षार एका लहानशा ठिपक्यात सोडतो. कोटिंग खालच्या रंगाचं काही प्रमाणात रक्षण करतं, पण क्षार कोटिंगवर बसतातच. कोटिंग असलेल्या गाडीला प्रश्न ६ मधली पाण्याची चादर सगळ्यात छान लागू पडते: पाणी जवळपास सगळं घरंगळून जातं आणि शुद्ध पाणीही कमी लागतं. पारदर्शक संरक्षक फिल्मलाही हेच लागू, फक्त तिच्या कडांशी पाणी अडून राहतं, तिथे फडकं टेकवा.

१८. टीडीएस ३ आहे, तरी डाग आले. काय चुकलं?

या क्रमाने शोधा. फटींतून आलेलं आधीचं पाणी: डाग ओघळासारखे आणि एखाद्या फटीच्या खाली असतील. शाम्पू नीट निघालेला नाही: डाग धूसर, मोठे, बोटाने पुसताच जाणारे. शुद्ध पाणी कमी पडलं: डाग सगळीकडे, पण नेहमीपेक्षा फिके. ओल्या गाडीवर धूळ बसली: आडव्या भागांवर जास्त, उभ्या बाजूंवर जवळपास नाहीत.

एक शक्यता लोक विसरतात. डाग जुनेच असतात. वॅक्सखाली किंवा मळाखाली झाकलेले असतात आणि गाडी खरी स्वच्छ झाल्यावर पहिल्यांदा दिसतात. त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न बघा. यातलं काहीच नसेल तर सिलिकेवर संशय घ्या आणि रेझिन बदलून पाहा.

१९. जुने डाग शुद्ध पाण्याने निघतील का?

ताजे, एक-दोन दिवसांचे थोडेफार. बसलेले नाही. घरातलं पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळा, मायक्रोफायबर त्यात भिजवून थंड आणि सावलीतल्या भागावर एक-दोन मिनिटं टेकवा, न घासता उचला आणि भरपूर पाण्याने धुवा. कॅल्शियमचा डाग आम्लात विरघळतो. वॅक्स असेल तर तेही कमकुवत होतं, ते नंतर परत लावावं लागेल. उघड्या ॲल्युमिनियमवर आणि संगमरवरी फरशीवर हे सांडू देऊ नका.

व्हिनेगरनंतर पांढरेपणा गेला पण नखाला किंवा तिरप्या उजेडाला खळगा जाणवतो, तर क्षाराने क्लिअर कोट खाल्ला आहे. त्यावर पॉलिशच करावं लागतं, म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर उतरवायचा. हा थर बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉनच असतो, केसाहूनही पातळ. जाडी मोजणारं यंत्र ज्याच्याकडे आहे अशाच माणसाकडून करून घ्या.

२०. काचेवरचे डाग व्हिनेगरनेही जात नाहीत.

मग ते बहुधा सिलिकेचे आहेत किंवा काच कोरली गेली आहे. त्यासाठी सिरियम ऑक्साइडचं काच-पॉलिश लागतं. पुढची काच स्वतः यंत्राने घासू नका. एका जागी जास्त घासली गेली तर पलीकडचं दृश्य लहरतं, आणि ते ड्रायव्हरच्या नजरेसमोर असतं.

२१. शुद्ध पाणी असेल तर भर उन्हात धुतली तरी चालेल?

शेवटचं शुद्ध पाणी उन्हात सुकलं तर काही बिघडत नाही. अडचण त्याआधीची आहे: तापलेल्या बॉनेटवर साधं पाणी आणि शाम्पू तुम्ही पुढच्या पायरीवर जाईपर्यंत सुकतात. सावली नसेल तर भाग पाडून धुवा आणि आधी धुतलेला भाग मधूनमधून ओला करत राहा.

२२. उरलेलं शुद्ध पाणी कुठे वापरता येईल? पिता येईल?

वायपरच्या टाकीत, वॉशर द्रावणाबरोबर: नोझल क्षाराने बुजत नाहीत. पाणी गोठतं अशा हवेत मात्र न गोठणारं द्रावणच हवं. घट्ट कूलंटमध्ये मिसळायला क्षारमुक्त पाणीच सांगतात, पण गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं प्रमाण पाळा आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. बॅटरीत गाडी धुण्याच्या पिंपातलं पाणी घालू नका. तिथे सीलबंद बाटलीतलं बॅटरीचं पाणीच घाला, पिंपात हाताची आणि हवेची घाण गेलेली असते.

रेझिनमधून आलेलं पाणी पिऊ नका. रेझिन जंतू काढत नाही, आणि ओल्या मण्यांत ते वाढूही शकतात. साठवायचं तर झाकण लावून, अंधारात, फार दिवस नाही. उजेडात शेवाळ धरतं.

२३. माझ्या नळाचा टीडीएस ७०-८० आहे. एवढा खटाटोप करू का?

नको. सावलीत धुवा, पाण्याची चादर सोडा आणि एका मोठ्या मऊ मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्या, किंवा फुंकर मारणाऱ्या यंत्राने पाणी उडवा. पाणी सुकण्याआधी गाडीवरून गेलं तर त्यातले क्षारही गेले. ३०० च्या पाण्यालाही हा उपाय लागू पडतो, फक्त तिथे हात भराभर चालवावे लागतात. गडद गाडी, जड पाणी आणि पुसायला एकच माणूस असं असेल, तर शुद्ध पाण्यावर खर्च करा.

२४. गाडी मॅट रंगाची आहे. काही वेगळं?

हो. मॅट रंगाला पॉलिश चालत नाही. घासलं की तेवढा भाग चमकायला लागतो आणि तो परत मॅट करता येत नाही. क्षाराने कोरलेला डाग तिथे कायमचा राहतो, किंवा तो भाग नव्याने रंगवावा लागतो. म्हणून ज्या एका गाडीसाठी मी हलक्या पाण्यातही शुद्ध पाण्याचा शेवटचा हात मारा म्हणेन, ती ही. मॅटसाठीचा, वॅक्स नसलेला शाम्पू घ्या, फडकं दाबून न फिरवता नुसतं टेकवा आणि व्हिनेगर वापरण्याआधी खालच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी करून बघा.